मागे काही राहिलं तर नाही ना

भरती पुरती चढल्यावर तिला चिखलात घातली,
इंजिनात होता नव्हता तेवढा जोर लावून,
सेबूच्या उत्तरेला, खारफुटीच्या मागे,
जिथे किलोवर बोली लागते.
ओहोटी लागली तशी ती कलली
डावीकडे. तिची जुनीच खोड.

एलेउतेरियो, ऑइलमन. एकोणीस वर्षं
तिच्या पोटात, कानांत कापूस घालून.
मास्बातेच्या खेपा: सिमेंट, सुकी मासळी,
डुकरांचा ट्रक, तो कायम वाऱ्याखाली लावायचा,
एकदा शवपेटीची गाडी आणि मागोमाग बर्फाची,
दोन्ही ड्रायव्हर एकाच थाळीत जेवले.
उतरायची लोखंडी फळी धक्क्यावर पडली
की अख्खं बंदर दातओठ खायचं.

नाव तिचं ‘लेडी सोलेदाद’.
पण उन्हं तिरपी झाली की पांढऱ्या रंगाखालून
वेल्डिंगची आधीची अक्षरं वर यायची,
आणि त्यांच्याही खाली आणखी एक नाव,
जपानी, काटेरी, अर्धं घासून काढलेलं.
तिकडे दोन बेटांमध्ये पूल झाला.
इकडे पूल नव्हता.
एवढीच तिची हकिगत.

गाड्यांच्या डेकवर, इंजिनकडे उतरायच्या जिन्याशी
एक निळी पाटी तेवढी राहिली होती.
कॅप्टन म्हणे, आग लागली तर काय करायचं ते लिहिलंय.
खानसामा म्हणे, कुठल्याशा बिस्किटांची जाहिरात.
एलेउतेरियोने कुणाला विचारलं नाही.
पहिल्याच वादळात पाय सुटला, हात पाटीवर टेकला,
आणि तो पडला नाही.
तेव्हापासून खाली जाताना दोन बोटं
आधी पाटीला, मग कपाळाला.
निळा रंग तिथे उडाला होता
दोन बोटांएवढा.

गॅसकटरवाली पोरं आली, तोंडाला टी-शर्ट गुंडाळून.
त्याने घाईने फोटो काढला, रोवेलिनला पाठवला.
ती मात्सुयामात म्हाताऱ्यांना आंघोळी घालते,
दोनदा नापास होऊन त्यांची भाषा शिकली.
रात्री अकराला उत्तर आलं:
पापा, यात देवबीव कुणी नाही.
उतरणाऱ्यांना विचारलंय,
मागे काही राहिलं तर नाही ना?
खाली एक हसरा पिवळा चेहरा.

इतकी वर्षं एक मोडी होती तिच्या अंगावर.
उलगडली, तर ती स्वतःच मोडीत.

सकाळी तो परत चढला.
पोरं म्हणाली, नोय, तांबं कालच गेलं,
आता कशाला?
बघतो, म्हणाला.
खरंच बघत गेला, एकेका रांगेतून, वाकून,
जसं तिकिटं हरवलेलं माणूस बघतं.
ग्रीसमध्ये चिकटलेलं कोंबडीचं पीस.
कुणाच्या तरी चपलेचा अंगठा.
हा खांब, इथे सात वर्षांची रोवेलिन ओकली होती,
आणि याच खांबाशी, बावीस वर्षांची,
बॅग पायांत धरून उभी होती,
फळी पडेपर्यंत एक शब्द नाही.
तोही बोलला नव्हता. कानांत कापूस होता.

कोपऱ्यात चाकाखाली लावायचा एक ठोकळा सापडला,
लाकडी, तेल पिऊन काळा झालेला.
तो काखेत मारला.
पाटी राहू दिली.
पोरांनाही उतरायचंच होतं.

आता तो ठोकळा घरी दाराला असतो.
घराला चाकं नाहीत, अंगणाला उतार नाही,
तरी रात्री वारा उठला की एलेउतेरियो उठतो,
अंधारात पायाने चाचपतो
आणि ठोकळा आणखी थोडा आत सरकवतो,
डाव्या बाजूने.